कमी माणसांची बाजू

दिघीच्या खाडीच्या दोन्ही काठांवर जेवढी माणसं राहतात त्या सगळ्यांशी वाद घालून झालेला, आणि तरीही त्यांतल्या एकाशीही कायमचं न बिघडलेला असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे: आमच्या शेजारचे तांडेल. मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. पंचवीस वर्षं घरं, माणसं, विहिरी आणि नळजोडण्या मोजण्यात गेली. त्यामुळे 'सगळे', 'एकही', 'कायमचं' असले शब्द मी जपून वापरतो. इथे ते मोजून वापरले आहेत.

तांडेल म्हणजे लाँच चालवणारा मुख्य माणूस. आमच्या तांडेलांनी अठ्ठावीस वर्षं दिघी ते आगरदांडा अशी लाकडी लाँच चालवली. लाकडी लाँचची एक खोड असते. सकाळच्या फेरीला एका अंगाने ऊन आलं की उतारू झाडून सगळे सावलीच्या अंगाला सरकतात आणि लाँच कलते. मग तांडेल वर सुकाणूपाशी उभे राहून ओरडत, "ओ टोपीवाले, इकडं या. त्या पाटीवाल्या बाई पण या. आणि अजून एक बारका माणूस पाठवा." बारका म्हणजे किती बारका, हेही ते वरून सांगत. वजनाचा त्यांचा अंदाज इतका पक्का होता की आमच्या शाळेच्या गुरुजींना त्यांनी एकदा भर लाँचमध्ये "ब्याऐंशी किलो" अशी हाक मारली. गुरुजी रागावून माणगावच्या बाजारात काट्यावर उभे राहिले, तर काट्याने ब्याऐंशीच दाखवले. गुरुजींनी त्या दिवसापासून भात सोडला तो सहा दिवस. लाँचच्या फेऱ्यांचा मी एकदा हिशेब मांडला होता. दिवसाला आठ, वर्षातले दोनशे चाळीस दिवस, अठ्ठावीस वर्षं. त्रेपन्न हजार सातशे साठ फेऱ्या होतात. तांडेल म्हणाले, "एक कमी कर, भाऊ. एकदा अर्ध्यातनं परत आणलेली."

खाली इंजिनाच्या खोलीत इंजिनवाले चाचा असत. वर तांडेल, खाली चाचा आणि दोघांच्या मध्ये एक दोरी आणि एक घंटी. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. चाचांना खालून ना काठ दिसे ना पाणी. वरून ठोका पडला की हात फिरवायचा, का म्हणून विचारायचं नाही. कामाच्या वेळचं या दोघांचं अठ्ठावीस वर्षांचं सगळं बोलणं या तीन वाक्यांत झालं. एकमेकांना ते नावाने हाक मारत नसत. चाचा म्हणत "तांडेल" आणि तांडेल म्हणत "डायवर".

तांडेल लाँचवरून उतरले, पण लाँच त्यांच्यातून उतरली नाही. जमिनीवरही माणसं कुठे एका बाजूला जमलेली दिसली की त्यांचे पाय शिवशिवतात. माणगावच्या एसटीत चढले की बसण्याआधी ते डावी-उजवी बाकं मोजतात आणि दोनचार जणांना उठवून इकडचे तिकडे करतात. कंडक्टर एकदा वैतागून म्हणाला, "काका, ही गाडी रस्त्यावरनं चालते." तांडेल म्हणाले, "रस्ता तरी कुठं सरळ हाय तुमचा?" त्यावर गाडीतले सगळे कंडक्टरच्या विरोधात गेले, आणि तांडेल पुढचे चार मैल कंडक्टरच्या बाजूने बोलत राहिले. आमच्या वाडीतल्या एका लग्नाला ते वरपक्षाकडून गेले होते. मुलीकडच्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि मांडवात त्यांची अकराच माणसं पोचली. मुहूर्त कुणामुळे चुकतोय यावरून बोलाचाली सुरू झाली तेव्हा तांडेल सरळ पलीकडे जाऊन उभे राहिले आणि वधूपक्षाच्या वतीने असे बोलले की नवऱ्यामुलाच्या बापाने विचारलं, "तुम्ही आलात कुणाकडून?" हे म्हणाले, "आलो तुमच्याकडनं. पण हिकडं माणसं कमी हायत." तो बाप दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. ती सून मात्र आजही त्यांना मामा म्हणते आणि श्रावणात नारळीभात पाठवते.

ग्रामसभेतला प्रकार तर माझ्याच दप्तरात आहे. विजेचा एक खांब कुठे रोवायचा यावर हात वर करून मतं घ्यायची होती. मी मोजली. देवळापाशी म्हणणारे एकतीस, धक्क्यापाशी म्हणणारे बारा. बारांत तांडेल. ते धक्क्याच्या बाजूने इतकं चांगलं बोलले की लोक पटापट फिरले, आणि सरपंचांनी फेरमोजणी सांगितली तेव्हा धक्क्याकडे चोवीस झाले. लगेच तांडेल उठून देवळाकडे गेले. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बेरीज वेगळी आली. शेवटी मी इतिवृत्तात 'तांडेल वगळून' असं लिहून खाली रेघ मारली. ते अजून तसंच आहे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणतो. मावशींची तक्रार या सगळ्यांहून मोठी. "ह्या माणसाशी धड भांडता पण येत न्हाय," त्या म्हणतात. "मी हरायला लागले की हा माझ्या बाजूनं बोलायला लागतो. मग मी भांडू कुणाशी?" त्यांच्या सांगण्याप्रमाणे सदऱ्याच्या डाव्या खिशात चाव्यांचा जुडगा असेल तर तांडेल उजव्या खिशात तेवढ्याच वजनाचा दगड ठेवतात. दगड मी पाहिलेला नाही, म्हणून त्याची खात्री देत नाही.

मग ती साथ आली. लाँच बंद झाली, पुढे अर्ध्या माणसांवर सुरू झाली. धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीसमोर सिमेंटची दोन बाकं आहेत, समोरासमोर. शेजारी वहिनींची चहाची टपरी. बाहेर पडायला मोकळीक मिळाली तसे आम्ही सातआठ जण संध्याकाळी तिथे जमू लागलो. ग्रामपंचायतीने एकेका बाकावर तीन तीन पांढऱ्या फुल्या रंगवल्या होत्या. म्हणजे तिघांनीच बसायचं, बाकीच्यांनी अंतर ठेवून उभं राहायचं. फुल्या मीच मापून काढल्या होत्या. वाद पहिल्या दिवसापासून सुरू झाला. आपोआपच एका मताची माणसं एका बाकाकडे आणि दुसऱ्या मताची दुसऱ्याकडे जात. तांडेल येत, दोन्हीकडची माणसं मोजत, आणि जिकडे कमी तिकडे बसत. बसल्यावर मुद्दे सुचायला त्यांना अर्धा मिनिट पुरे होई.

पहिला वाद मास्कचा. मावशींनी जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी मास्क त्यांना शिवून दिला होता. मास्कच्या बाजूने बोलताना तो नाकावर असे, विरुद्ध बोलताना हनुवटीखाली. उशिरा येणाऱ्या माणसाला काही विचारावं लागत नसे. तांडेलांचं तोंड पाहिलं की आज कुठल्या बाकाकडे माणसं कमी आहेत ते कळे. एका संध्याकाळी मी मोजलं. मास्क अकरा वेळा वर गेला आणि अकरा वेळा खाली आला. आमच्या खाडीला दिवसातून दोनदाच भरती येते. आरोग्य केंद्राच्या सिस्टर एकदा तिथून जाताना म्हणाल्या, "काका, तुमच्या हनुवटीला काही होणार नाही. नाकाचं बघा." तांडेल म्हणाले, "सिस्टर, तुम्ही एकट्याच हाय म्हणून ऐकतो," आणि मास्क वर केला.

लस आली तेव्हा दोन्ही बाकं एक झाली, म्हणजे विरोधात. ताप येतो म्हणाले, आजारी माणसाला झेपत नाही म्हणाले, गुरुजींनी मोबाइलवर आलेलं वाचून दाखवलं की लस घेणारा दोन वर्षांत जातो. साहजिकच तांडेल लसीच्या बाजूला गेले. "मी बहात्तरचा हाय," ते म्हणाले. "दोन वर्षांची हमी देत असतील तर मी सहीसकट लिहून घेतो." आमच्या वाडीत साठीच्या वरची माणसं एकेचाळीस, यादी माझ्याकडे. पहिल्या गुरुवारी शाळेत शिबिर होतं, तिथे चार जण आले. एका कुपीत दहा जणांची लस असते आणि कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. सिस्टर म्हणाल्या, चौघांसाठी फोडता येणार नाही. तांडेलांना हे लगेच पटलं. "खरं हाय. चार माणसांवर फेरी सोडत न्हाय कोण. थांबा, भरून आणतो." ते धक्क्यावर गेले आणि जुन्या आवाजात ओरडले, "चला, निघाली, निघाली! सहा जागा!" ती हाक ऐकून लोक सवयीने धावत आले. सहांपैकी दोघांना आपण लसीला आलोय हे शाळेच्या दारात कळलं, असं ते अजून सांगतात. पण दारातून परत कुणी गेलं नाही.

इंजिनवाले चाचा त्या दिवशी नव्हते. ते पलीकडे आगरदांड्याला मुलीकडे गेले होते. पण असते तरी आले नसते. अठ्ठावीस वर्षं डिझेलचा धूर खाऊन त्यांना दमा जडला होता. "माझी छाती आधीच धुराची, भाऊ," ते मला म्हणाले. "त्यात ती दवा टोचली आणि बिघडलं तर मी कुणाला सांगू?" हा काही अडाणीपणा नव्हता. डॉक्टरांनी दमेकऱ्यांनी तर आधी घ्यावी असं सांगितलं होतं, ते मी चाचांना सांगितलं. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि येत नसत. यादीवरचे आकडे चढत गेले. चार महिन्यांत एकेचाळिसातले चाळीस झाले, बहुतेकांचे दोन्ही डोस झाले. राहिले एक चाचा.

तोवर नव्या प्रकारच्या विषाणूच्या बातम्या येऊ लागल्या. लस घेतलेल्यांनाही तो होतो म्हणे, मग घेतली कशाला, असा नवा वाद बाकांवर आला. या वादात तांडेल एक वाक्य बोलले ते मला आवडलं होतं. "वारा बदलला म्हणून कोण होडी सोडून पोहत जातो काय? शीड बदलायचं." ते वाक्य त्यांनी ज्या बाजूने म्हटलं ती बाजू त्यांनी पंधरा मिनिटांत सोडली, तो भाग निराळा.

एका सोमवारी सकाळी चाचा कार्यालयात आले. टोपी काढून खुर्चीवर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "येत्या गुरुवारचं माझं नाव घाला. फिकीर वाटते, पण घाला." मी घातलं. आणि त्याच संध्याकाळी मी एक चूक केली. धक्क्यावर सगळे चाचांची थट्टा करत होते. एका बाकाकडे आम्ही सात जण आणि समोरच्या बाकावर चाचा एकटे. मी म्हणालो, "चाचा, तुमच्या एकट्यापायी वाडीचे शंभर टक्के अडलेत." लोक हसले. त्यांनी नाव घातलंय हे मला ठाऊक होतं. मी ते सांगायला हवं होतं. मला वाटलं, गुरुवारी सगळ्यांना कळेलच. चाचा खाली मान घालून बसले.

तांडेल उठले, मधलं अंतर ओलांडून चाचांच्या शेजारी बसले आणि त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "तुम्हाला काय ठाऊक रे त्याची छाती?" ते आम्हाला म्हणाले. "इंजिन त्याच्या हाताखाली. आवाज बदलला तर खालच्याला आधी कळतं का वरच्याला? काठावर उभं राहून ओरडणाऱ्यांनी गप बसावं." मग त्यांनी सांगितलं की घेतलेल्यांना तापही येतोय आणि खोकलाही होतोय, चार महिने न घेता चाचा ठणठणीत आहेत, मग घाई कसली. चाचांची मान वर आली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तीन दिवसांत तांडेल इतकं नेटकं बोलले की आमच्या बाजूचे गुरुजी उगाचच दंड चोळायला लागले. चाचा त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसताना दिसले.

गुरुवारी सकाळी चाचा परत कार्यालयात आले. "नाव खोडा, भाऊ."

"का हो?"

"तांडेल बोलला ते बरोबर हाय."

मी पट्टी ठेवून लाल शाईने रेघ मारली. माणसाने घाला म्हटलं की घालायचं, खोडा म्हटलं की खोडायचं, हे माझं काम. समोरच बसवून चार शब्द विचारावेत हे माझ्या कामात नव्हतं, म्हणून मी विचारले नाहीत.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या दोघांना श्वास लागला म्हणून माणगावला नेलं. एक परत आला. दुसरा चाचांच्याच वयाचा होता, तो आला नाही. त्या दुपारी मी तांडेलांची शिडी परत द्यायला त्यांच्या ओटीवर गेलो होतो, तेव्हा फोन वाजला. आगरदांड्याहून चाचांची मुलगी बोलत होती. मावशींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"काका, तुम्ही लस घेतलीत ना?"

"घेतली की. दोन्ही घेतल्या."

"मग अब्बांना नको का सांगितलंत? मी रोज फोन करते. ते म्हणतात, तांडेल नको बोललाय. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. तांडेल बोललाय, म्हणजे झालं म्हणतात."

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "मी... तिकडं माणसं कमी होती, पोरी," ते म्हणाले.

ती म्हणाली, "काका, आता त्यांना सांगा," आणि फोन बंद झाला. मावशींनी तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं. "तुम्ही होडी सावरलीत," त्या म्हणाल्या. "आतला माणूस पाण्यात पडला, तो बघितलात काय?"

त्या संध्याकाळी ते घाईने धक्क्यावर आले आणि उभ्यानेच म्हणाले, "डायवर, लस घे."

चाचा हसले. "का रे, आज तिकडं माणसं कमी पडली?"

सगळे हसले. तांडेलांनी परोपरीने सांगितलं. मी आपला तुला सोबत म्हणून बोलत होतो, मनातलं नव्हतं, तुझी छाती आहे म्हणून तर आधी घ्यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं लसीचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. चाचांनी ते शांतपणे पाहिलं आणि परत दिलं. "तांडेल, एक ठोका पडला तर मी पुढं गेलो. दोन पडले तर थांबलो. आता तू सगळे ठोके एकदम द्यायला लागलास. खालच्या माणसानं काय करायचं?"

जन्मभर दोन्ही बाजूंनी बोललेल्या माणसाला एका बाजूने बोलायचं होतं आणि ते खरं मानायला कुणी तयार नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी तांडेल आले ते मास्क नाकावर घट्ट बांधून. काही बोलले नाहीत. समोरच्या बाकावर चाचा एकटे होते. आमच्या बाकावर तीन फुल्यांवर तीन माणसं बसलेली, बाकी आम्ही मागे उभे. तांडेल आमच्या बाकावर, दोन फुल्यांच्या मधे, चौथे म्हणून बसले. मी नियमाचा माणूस, पण मी काही म्हणालो नाही. ते आता उठून पलीकडे जातील म्हणून सगळे वाट पाहत होते. ते बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. कुणीतरी म्हणालं, "तांडेल, होडी कलली हो." ते हलले नाहीत. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. चाचा एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा पाण्याकडे. तासाभराने तांडेल उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मावशी मला म्हणाल्या, "घरी येऊन पाय दाबून घेतो. दिवसभर ओझी वाहिल्यासारखा दमतो, आणि केलेलं काय, तर बसलेला."

चौथ्या संध्याकाळी आमच्याकडे दहा माणसं होती. चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हळूहळू आमच्या बाजूला आले. तांडेलांशी ते बोलले नाहीत. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "भाऊ, नाव परत घाला."

मी म्हणालो, "घालतो. पण चाचा, या खेपेला विचारतो. का?"

"खाली मला पाणी दिसत नव्हतं," चाचा म्हणाले. "पण लाँच कलली का न्हाय ते पायाला कळायचं. अठ्ठावीस वर्षांत ह्या माणसानं ती कलू दिली न्हाय. आता चार दिवस कलू देतोय. म्हणजे ह्याला खरंच भीती वाटते." मग तांडेलांकडे वळून म्हणाले, "ऊठ आता, जा पलीकडं. बघवत न्हाय मला."

तांडेल उठले आणि मोकळ्या बाकावर जाऊन बसले. चाचाही जाऊन त्यांच्या शेजारी बसले. वहिनींनी दोघांना नवीन चहा दिला.

त्या गुरुवारी शाळेत सातच माणसं आली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या शिबिरापासून, कुपी वाया जाऊ नये म्हणून लोकांना परत पाठवणाऱ्यांत मी पुढे असे. मी म्हणालो, "फोडा, सिस्टर." तीन डोस वाया गेले. ते मी वहीत लिहिलेत, आणि त्यांचं मला वाईट वाटत नाही. सुई टोचताना तांडेलांनी डोळे मिटून घेतले. "टोचतात मला आणि डोळे मिटतो हा," चाचा सिस्टरना म्हणाले. नंतरचा अर्धा तास शाळेच्या व्हरांड्यात बसायचं असतं. त्या अर्ध्या तासात तांडेलांनी नऊ वेळा विचारलं, "डायवर, कसं वाटतंय?" दहाव्यांदा विचारलं तेव्हा चाचांनी बोटाने बाकावर दोन ठोके मारले. तांडेल थांबले.

महिना-दीड महिन्याने तो नवा प्रकार आमच्या वाडीतही आला. चाचा आठवडाभर खोकले, दोन दिवस अंथरुणात होते, मग उठले. लसीमुळे उठले का, हे मी एका माणसावरून सांगणार नाही. एक माणूस म्हणजे आकडेवारी नव्हे, आणि त्या दिवसांत एकेका माणसावरून दोन्ही बाकांवर पुष्कळ बोलून झालं होतं. हे मी तांडेलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझा आकडा तुझ्याजवळ ठेव. माणूस हाय ना?" माझ्या यादीत एकेचाळिसापैकी एकेचाळीस झाले. ते शंभर टक्के मी धक्क्यावर वाचून दाखवले नाहीत.

आता मास्क गेले. तांडेलांचा मास्क मावशी भांडी उतरवायला वापरतात. बाकांवरच्या फुल्या पुसट झाल्यात, आणि वाद दुसरे आहेत. तांडेल अजूनही येतात, मोजतात आणि कमी माणसांकडे जातात. फक्त एक बदल झालाय. बसण्याआधी ते शेजारच्याला सांगतात, "मी नुसता सोबतीला बसतोय. माझं ऐकून काय करू नको हां." त्यामुळे त्यांच्या मुद्द्यांतला जोर थोडा गेला आहे, असं गुरुजींचं मत आहे.

चाचा पुढे मुलीकडे आगरदांड्याला राहायला गेले. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. वय अठ्ठ्याहत्तर. तांडेल आणि मी पलीकडे जाऊन आलो. मुलीने दोघांना चहा दिला, तांडेलांचा हात बराच वेळ धरून ठेवला, फोनचं काही बोलली नाही.

परतताना संध्याकाळ झाली होती. आता खाडीत गाड्या वाहून नेणारी मोठी लोखंडी बोट चालते. त्या दिवशी बोटीवर दोन टेम्पो, पाच मोटारी आणि पन्नास-साठ माणसं होती. सूर्य समुद्राकडे टेकला तशी माणसं झाडून सगळी पश्चिमेच्या कठड्याला गेली आणि फोटो काढू लागली. तांडेल एकटे उलट्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिकडे काळं पाणी आणि आगरदांड्याचा धक्का, एवढंच दिसत होतं. मी मनात हिशेब केला. तांडेलांचं वजन आता एकसष्ट किलो, माझं चौऱ्याहत्तर. बोटीच्या वजनापुढे दोन्ही मिळून काहीच नाही.

मी जवळ जाऊन म्हणालो, "तांडेल, ह्या बोटीला आपल्या वजनानं काही होत नाही."

"ठाऊक हाय मला."

"मग इकडं काय करताय?"

ते मागे सरत चाललेल्या धक्क्याकडे बघत होते. "इकडं एक माणूस कमी हाय, भाऊ," ते म्हणाले.

मी हिशेब सोडून दिला आणि कठड्याला टेकून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.